हाड छापतात म्हणजे काय करतात?



गटांतून आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यात यावेळी एक जरा वेगळा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका बाईला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कमरेच्या खालचं मोठं हाड तीन-चार ठिकाणी मोडलेलं. डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून घेतला आणि घरच्यांना म्हणाले, "हाडाचा नमुना छापून घेतो, मग ऑपरेशन करू. दोन-तीन दिवस लागतील." झालं, घरात दोन तट पडले. एक म्हणतो, प्लॅस्टिकचं हाड अंगात घालणार, नको. दुसरा म्हणतो, हाड मोडलंय आणि हे छापत बसणार, पेशंट उचला आणि दुसरीकडे न्या. त्या बाईच्या जावेनं आम्हाला विचारलं, यातलं खरं काय?

दोन्ही खरं नाही. छापलेलं हाड अंगात घालत नाहीत, ते डॉक्टरांच्या हातात राहतं. आणि अशा ऑपरेशनला दोन-चार दिवस थांबणं ही हयगय असतेच असं नाही. पण एवढं सांगून भागणार नाही. घरात कुणावर ही वेळ आली तर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून तासाभरात निर्णय घ्यावा लागतो, म्हणून आज सगळं सविस्तर सांगतो.

आधी हे हाड कुठलं ते बघू. कंबर म्हटलं की आपल्याला साडी खोचतो ती जागा आठवते. हे हाड त्याच्या खाली आहे. कमरेवर हात ठेवून उभ्या राहा. हाताखाली जी कड लागते ती याची वरची कड. घागर टेकते ती हिच्यावर, मूल कडेवर बसतं तेही हिच्यावर. तिथून हाड मागे, खाली, पुढे असं वळत जातं. उजवीकडे एक, डावीकडे एक. पुढे ओटीपोटाच्या तळाशी दोन्ही एकमेकांना भेटतात आणि मागे दोघांच्या मधे पाठीच्या कण्याचं खालचं रुंद हाड पाचरीसारखं बसलेलं असतं. सगळं मिळून एक कडं होतं. डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. या कड्याच्या आत गर्भपिशवी, लघवीची पिशवी, शौचाची वाट आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या नि नसा असतात. बाळ बाहेर येतं तेही याच कड्यातून.

काचेची बांगडी एकाच जागी फुटून तशीच गोल राहिली, असं कधी पाहिलंय? फुटली की निदान दोन जागी फुटते. या कड्याचंही बहुतेक वेळा तसंच होतं. पुढे मोडलं असेल तर मागेही काहीतरी मोडलेलं किंवा सांध्यात उसवलेलं असणार, असं धरूनच डॉक्टर शोधतात.

शिवाय याच हाडाला बाहेरच्या अंगाला दोन्हीकडे एकेक खोलगट वाटी आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरतो, तो आपला खुबा. या वाटीचं डॉक्टरी नाव लॅटिन भाषेतलं आहे आणि त्याचा मूळ अर्थ जेवताना व्हिनेगर ठेवायची छोटी वाटी असा. रोमन लोकांनाही ती वाटीच दिसली म्हणायची! ही वाटी आतून गुळगुळीत असावी लागते. तुकडे जुळवताना दोन-तीन मिलिमीटरची पायरी राहिली तरी जात्याच्या पाळ्यांमध्ये खडा अडकावा तसं होतं. दर पावलाला घासत घासत काही वर्षांत खुबा कामातून जातो. चाळिशीतल्या बाईला मग खुबा बदलायची वेळ येते.

छापण्याची गोष्ट पुढची. त्याआधी ती बाई दवाखान्यात जिवंत पोचली पाहिजे, आणि ते बरंचसं आपल्या हातात असतं.

तरण्या माणसाचं हे हाड सहजासहजी मोडत नाही. मोडलं म्हणजे मार जबर आहे. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई उडते, पदर किंवा ओढणी चाकात जाते, उसाची ट्रॉली कलंडते, भिंत अंगावर येते, शेवगा झोडपताना फांदी तुटते. अशी बाई जांघेत किंवा कमरेत फार दुखतंय म्हणत असेल, पाय उचलता येत नसेल, तर हे हाड मोडलंय असं समजूनच वागा. तिला उठवून बसवू नका, दोघींच्या खांद्यावर चालवून बघू नका. हाड हलतंय का ते दाबून बघायचा मोह तर आवराच. आत रक्त गोठून थांबायला लागलेलं असतं, ते हलवल्यानं पुन्हा सुटतं. बाईच्या अंगात सगळं मिळून चार-साडेचार लिटर रक्त. त्यातलं दोन लिटर आणि त्याहूनही जास्त या कड्याच्या आत आतल्या आत साठू शकतं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. म्हणून चोळणं, ओढून बसवणं, "आधी हाडवैद्याला दाखवू" हे इथं जिवावर बेतू शकतं. मनगट मुरगळण्यासारखं हे दुखणं नाही.

करायचं काय? १०८ ला फोन. एक चादर किंवा जुनं लुगडं घ्या, वीतभर रुंदीची घडी करा आणि तिच्या खालून हळूच सरकवा. बांधायची जागा महत्त्वाची आहे. साडीची गाठ मारतो तिथं बांधून काही उपयोग नाही. नितंब जिथं सगळ्यांत रुंद असतात, मांडीच्या वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून गुंडाळून पुढे घट्ट बांधायचं. त्यानं उघडलेलं कडं जरा मिटतं आणि रक्त कमी जातं. गुडघे आणि पावलंही एकमेकांना बांधून ठेवायची. चहा-पाणी पाजू नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते. दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर ते गाडीतल्या डॉक्टरांना सांगा. गटाच्या बैठकीत एकीला सतरंजीवर झोपवून हे बांधणं करून बघा. हसत-खेळत दहा मिनिटांत शिकून होतं. आणि रस्त्यावरचा अपघात असेल तर मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

आता छापण्याकडे येऊ.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञानं आपल्या बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला. त्यात बोटांची हाडं दिसतात आणि बोटातली अंगठीही. पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. भिंतीवर हाताची सावली पाडून ससा करतो ना आपण, त्यात कुठलं बोट पुढे नि कुठलं मागे ते कळत नाही. सपाट हाताला सावली चालते. या वाकड्यातिकड्या कड्याची सावली पाडली तर पुढचं, मागचं, वाटीचं सगळं एकमेकांवर चढतं. पॅरिसमध्ये ज्युदे आणि लतूर्नेल हे सर्जन होते. त्यांनी पेशंटला या कुशीवर नि त्या कुशीवर थोडं तिरकं करून एक्स-रे काढायची रीत बसवली आणि १९६४ साली खुब्याच्या वाटीच्या मोडण्याचे दहा प्रकार मांडून दाखवले. आजही जगभरचे डॉक्टर तीच वाटणी वापरतात. सावलीत दिसलेल्या भेगा खऱ्या हाडाच्या सांगाड्यावर पेन्सिलीनं काढून विचार करायचा, अशी सवय त्यातून सर्जन मंडळींना लागली. हाड हातात धरून विचार करायची ओढ तेव्हापासूनची आहे.

मग सीटी स्कॅन आला. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा काढला. अळूवडीचा उंडा बाहेरून नुसता हिरवा लोळा दिसतो. सुरीनं पातळ वड्या पाडल्या की प्रत्येक वडीत आतली गुंडाळी दिसते. सीटी स्कॅन सुरी न लावता शरीराच्या अशाच चकत्या दाखवतो, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. हाड त्यात पांढरं शुभ्र दिसतं. कॉम्प्युटर सगळ्या चकत्या परत एकावर एक रचतो, मांस-चरबी बाजूला काढतो आणि नुसतं हाड उभं करतो, मोडलेल्या तुकड्यांसकट. पडद्यावर ते गोल फिरवून बघता येतं. बराच काळ एवढ्यावरच काम चाललं, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी उत्तम चालतं.

छापणं हा त्याच्या पुढचा टप्पा. थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात ते कागदावरच्या छपाईसारखं नाही. ते कळायला सोऱ्या आठवा. कुरडई घालताना आपण सोऱ्या दाबत हात गोल फिरवतो, एका फेऱ्यावर दुसरा फेरा बसतो आणि कुरडई उभी राहते. या यंत्रात सोऱ्याच्या जागी बारीक गरम नळी असते आणि चिकाच्या जागी प्लॅस्टिकची तार वितळून येते. हात फिरवायचं काम कॉम्प्युटर करतो. एक थर घालतो, त्यावर दुसरा, अगदी केसाएवढे दोन-तीन मिळून होतील इतके पातळ थर. असे शेकडो थर झाले की त्या बाईच्या हाडाची हुबेहूब प्रतिकृती टेबलावर तयार. तेच माप, त्याच भेगा. ही तार बहुतेक वेळा मका किंवा उसापासून बनवलेल्या प्लॅस्टिकची असते. आपल्याच उसाचा हा आणखी एक उपयोग! असं यंत्र पहिल्यांदा डोक्यात आलेल्या अमेरिकेतल्या इंजिनिअरची गोष्ट सांगतात. त्यांना लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायचा होता आणि तो ते गरम गोंदाच्या पिचकारीनं थरावर थर देऊन करत होते. १९८० च्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. त्याच्याही आधी, १९८४ साली, चक हल नावाच्या दुसऱ्या अमेरिकन इंजिनिअरनं पातळ राळेवर प्रकाश पाडून ती थराथरानं घट्ट करायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन्ही तऱ्हेची यंत्रं आज दवाखान्यांच्या कामी येतात. अशा हाडाला यंत्राला दहा-बारा तास लागतात, मोठं असेल तर दिवस-दीड दिवस. त्याआधी कॉम्प्युटरवर तुकडे वेगळे करण्यात वेळ जातो तो निराळा.

हातात नमुना आला म्हणजे काय साधतं? शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. अवघड गळ्याचा ब्लाउज, कापड महागाचं. आपण एकदम कात्री लावतो का? आधी कागदावर कटिंग करतो, अंगाला लावून बघतो. सर्जनचं कापड म्हणजे जिवंत माणूस. हे हाड एवढ्या खोल असतं की ऑपरेशन चालू असतानाही पूर्ण कधीच दिसत नाही. वरून जाड स्नायू, आतून आतडी आणि पिशव्या. एका चिरेतून थोडासा भाग दिसतो, बाकीचं बोटानं चाचपून आणि मधेमधे सी-आर्म यंत्राचे एक्स-रे घेऊन ताडायचं. नमुना टेबलावर असला की चीर पुढून घ्यायची की मागून, आधी कुठला तुकडा बसवायचा, कुठला स्क्रू किती लांबीचा आणि कुठल्या दिशेनं, याची उजळणी आदल्या दिवशीच होते.

यात आम्हाला सगळ्यांत आवडलेली युक्ती पट्टीची आहे. मोडलेले तुकडे धरून ठेवायला धातूच्या पट्ट्या स्क्रूनं बसवतात. हाड वळणावळणाचं, पट्टी सरळ. ती वाकवून हाडाला चपखल बसवावी लागते. नाहीतर चेपल्यावर हाडच पट्टीप्रमाणे वाकडं ओढलं जातं. पूर्वी, आणि आजही नमुना नसेल तेव्हा, पोट उघडं असताना पट्टी लावून बघ, काढ, पकडीनं वाकव, परत लावून बघ असं चालतं. तेवढा वेळ रक्त जातच असतं. आता बघा, बाही कापताना आपण एकच कागद उलटा करून दुसरी बाही काढतो. तसंच उजवं हाड चुरा झालं असेल आणि डावं धड असेल, तर कॉम्प्युटर डाव्याचं आरशातल्यासारखं उलटं रूप करतो. ते छापलं की मोडायच्या आधी उजवं कसं होतं ते हातात येतं. पट्टी त्यावर आदल्या दिवशी वाकवून घ्यायची, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची आणि ऑपरेशनला तयार ठेवायची. नमुना मात्र त्या वाफेत टाकता येत नाही. १२१ अंशाच्या वाफेत हे प्लॅस्टिक मेणासारखं वाकतं. म्हणून तो जंतू मारणाऱ्या वायूनं शुद्ध करतात, किंवा निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून शेजारी ठेवतात.

याचा फायदा होतो का? वेगवेगळ्या देशांतल्या दवाखान्यांनी नमुना घेऊन केलेली आणि न घेता केलेली ऑपरेशनं ताडून पाहिली. बहुतेकांना दिसलं की नमुन्यामुळे ऑपरेशनचा वेळ कमी होतो, रक्त कमी जातं, सी-आर्मचे एक्स-रे कमी घ्यावे लागतात. चार-पाच तास चालणाऱ्या ऑपरेशनमध्ये यातलं काहीच किरकोळ नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायांचं हिमोग्लोबिन मुळातच नऊ-दहा असतं. एक बाटली रक्त वाचणं म्हणजे काय ते आशाताईंना विचारा. पण वर्ष-दोन वर्षांनी बाई नमुन्यामुळेच जास्त चांगली चालते, असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा अजून आमच्या पाहण्यात नाही. असे बरेच अभ्यास थोड्या पेशंटांचे आणि एकेका दवाखान्याचे आहेत.

नमुन्यात काय नसतं तेही ऐका. त्यात फक्त हाड असतं. रक्तवाहिन्या, नसा, लघवीची नळी यांतलं काही नसतं, आणि ऑपरेशनमधला खरा धोका तिथंच असतो. मांडीच्या मागून पायाकडे जाणारी मोठी नस दुखावली तर पाऊल वर उचलेनासं होतं. ते टाळणं डॉक्टरांच्या हातावर आणि अनुभवावर आहे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. नमुना नसलेल्या पण अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जाणं बरं. नमुना छापून पहिल्यांदाच करणाऱ्याकडे नको. आणि प्रत्येक मोडीला नमुना लागतही नाही. न्हाणीत घसरून पडलेल्या सत्तरीच्या आजीचं पुढचं बारीक हाड तडकलं असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनच लागत नाही. दुखणं आटोक्यात ठेवून लवकर उभं करतात आणि हाडं ठिसूळ झाल्याचं औषध सुरू करतात. अशा वेळी कुणी छपाईची गोष्ट काढली तर का म्हणून विचारायला हरकत नाही.

छापलेलं काहीच अंगात घालत नाहीत का? घालतात, पण ती वेगळी गोष्ट. हाडाच्या कॅन्सरमध्ये किंवा खुबा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बदलताना हाडच उरलेलं नसतं, तेव्हा त्या पेशंटच्या मापाचा टायटॅनियम धातूचा तुकडा छापून बसवतात. ते फार खर्चिक आणि क्वचितचं काम आहे. तुमच्यासमोर नमुन्याची गोष्ट निघाली असेल तर ती बहुधा प्लॅस्टिकच्या, बाहेर राहणाऱ्या नमुन्याचीच असते.

आता त्या थांबण्याबद्दल. रक्तस्राव, निखळलेला खुबा, उघडी जखम यांना थांबवत नाहीत, ते पहिल्या काही तासांतच करतात. त्यासाठी कुणी छपाईची वाट बघायला सांगत असेल तर ते बरोबर नाही. पण तुकडे नीट जुळवून पट्ट्या बसवण्याचं मोठं ऑपरेशन सहसा काही दिवसांनी होतं. मधल्या काळात रक्त भरतात, रक्तस्राव थंडावू देतात, पायाला वजन लावून ठेवतात, दुसऱ्या जखमा बघतात. छपाईचे दोन दिवस या थांबण्यातच बसतात. उलट मर्यादाही आहे. दोन आठवड्यांच्या आत झालेलं बरं. तीन आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागीच जुळायला लागतात आणि सोडवणं फार अवघड होतं. चिडून पेशंट उचलून घरी आणणं, मग पैसे जमवून महिन्यानं परत नेणं, यात बाईचा पाय कायमचा आखूड राहतो. दुसरीकडे न्यायचंच असेल तर सरळ तिकडे न्या, घरी आणून मग नको.

पैशाचं विचारा, लाजू नका. त्या प्लॅस्टिकच्या तारेचा भाव किलोला हजार रुपयांच्या आसपास असतो आणि एका नमुन्याला अर्धा किलोही बऱ्याचदा लागत नाही. खर्च असतो तो कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाचा आणि यंत्राचा. त्यामुळे काही ठिकाणी नमुना फुकट मिळतो, काही ठिकाणी बाहेरच्या कंपनीकडून करून घेतात आणि बिल मोठं येतं. वेगळे पैसे आहेत का, किती, आणि तो नाही केला तर ऑपरेशनात काय फरक पडेल, हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला गाठा. ऑपरेशन योजनेत बसतं का आणि नमुना त्यात धरलाय का, हे त्याच्याकडून कागदावर पक्कं करून घ्या. रस्त्यावरच्या वाहन अपघातासाठी २०२५ पासून केंद्र सरकारची बिनपैशाच्या उपचारांची योजनाही आहे. नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत.

आणखी एक. नमुना तयार झाला की तो बघायला मागा. डॉक्टर बहुधा आनंदानं दाखवतात, कारण "इथं मोडलंय, इथं पट्टी बसेल" हे हातात धरून सांगितलं की शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतं. पण तो व्हरांड्यात नवऱ्याला आणि दिराला दाखवून परत नेतात, आणि जिचं हाड आहे ती आत पंख्याकडे बघत पडलेली असते. तिच्या उशाशी नेऊन तिला दाखवा. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या ऑपरेशनला संमती तिची स्वतःची लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. त्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईकडून संमती घेऊन जास्तीचं ऑपरेशन केलेलं होतं, आणि ती संमती न्यायालयानं धरली नाही. सही नवऱ्याची की सासऱ्याची यावर आपल्याकडे वाद होतात, तिला कुणी विचारतच नाही.

तिच्या मनात जे असतं ते ती पुरुष डॉक्टरांसमोर बोलणार नाही, म्हणून आम्हीच बोलतो. मूल होईल का? कडं मोडलं म्हणून गर्भपिशवी निकामी होत नाही. अशा ऑपरेशननंतर बायांना दिवस गेलेत, कित्येकींची बाळंतपणं नीटही झालीत. सिझेरियनचं प्रमाण जास्त दिसतं, पण पट्टी आहे म्हणजे सिझेरियनच असा नियम नाही. हाड कसं जुळलं ते बघून ठरतं. दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत या ऑपरेशनचे कागद दाखवायचे. लघवी न कळत होणं, लागली तरी न होणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हे त्रास या दुखापतीनंतर पुष्कळ बायांना होतात. ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत आणि त्यांवर उपचार आहेत. सिस्टरला एकटीला गाठून सांगितलं तरी चालतं.

घरी आल्यावरचे तीन महिने कठीण असतात. ज्या बाजूला ऑपरेशन झालं त्या पायावर डॉक्टर सांगेपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, भार द्यायचा नाही. खाली मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. म्हणजे चुलीपुढे बसणं नाही, धुणं नाही, आपला संडासही तसा चालत नाही. मधे भोक पाडलेली खुर्ची किंवा भाड्यानं मिळणारी कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. पडून राहिल्यानं पिंडरीत रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून पावलं वर-खाली हलवायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. एक पिंडरी एकदम सुजली, दुखू लागली, किंवा धाप लागली तर त्याच क्षणी दवाखाना. कुशीवर वळवणं सिस्टरनं दाखवलं असेल तसंच करा. सूनबाई चार आठवड्यांत उभी दिसते म्हणून तिच्या हातात घागर द्यायची घाई करू नका, हे सासूबाईंना गटानंच जाऊन सांगितलेलं बरं. घरातलं कुणी सांगितलं तर ऐकून घेतलं जात नाही.

आणि दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर सीटी स्कॅनची सीडी मागून घ्या. ती तिची आहे. नमुना देत असतील तर तोही आणा. फेरतपासणीला दुसरे डॉक्टर असले तर दोन्ही त्यांच्या उपयोगी पडतात. सीडी डब्यात कोरडी ठेवा, नमुना उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका, आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर असू द्या.